दुसऱ्याच्या पापाचे प्रायश्चित्त

खर्डीस परवा एका तरुण स्नेह्याने आम्हांस पुसले, ज्याने कोणाचे घर जाळले नाही, कोणावर शस्त्र धरले नाही, त्याने उपोषण का करावे? प्रश्न साने गुरुजींविषयी होता.

३० जानेवारी १९४८ रोजी दिल्लीस गांधीजींची हत्या झाली. मारेकरी महाराष्ट्रीय ब्राह्मण, हे कळताच शोकाचा सूड झाला. सातारा, सांगली, कोल्हापूर या भागांत ब्राह्मणांची घरे पेटली. भालजी पेंढारकरांचा जयप्रभा स्टुडिओही जळाला. मुंबईत डॉ. नारायणराव सावरकरांवर दगडफेक झाली. तीतून ते पुरते सावरले नाहीत व १९४९ साली वारले. आणि हे सारे कोणाच्या नावे? अहिंसेच्या पुजाऱ्याच्या!

गुरुजींनी तेव्हा २१ दिवसांचे उपोषण आरंभिले. ते स्वतः पालगडच्या ब्राह्मण घरचे. तेव्हा हा जातीचा कैवार, असे कोणी म्हणू शकला असता. परंतु अवघ्या नऊ महिन्यांपूर्वी याच गृहस्थाने पंढरीचा विठ्ठल अस्पृश्य मानलेल्यांस मोकळा व्हावा म्हणून प्राण पणास लावले होते. हत्येचे पाप महाराष्ट्राचे म्हणजे आपलेही, इतका साधा त्यांचा हिशेब होता. उपोषणाने जळलेली घरे उभी राहिली नाहीत, हे खरे. कित्येक कुटुंबे गाव सोडून गेली ती परतली नाहीत.

आमच्या स्नेह्यास आम्ही आणखी एक गोष्ट सांगितली. मारेकऱ्यास फाशी देऊ नये, अशी विनंती गांधीजींचे पुत्र मणिलाल व रामदास यांनी केली होती. ती मान्य झाली नाही. १५ नोव्हेंबर १९४९ रोजी अंबाल्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आली.