ज्युराच्या माळावर, १७७२

वाकून भागणार नाही, रांगतच आत या. दार नाही, बर्चच्या काटक्यांची मोळी लावलीय, ती बाजूला सारा. स्कॉटलंडच्या पश्चिमेला असलेल्या ज्युरा बेटावर १७७२चा उन्हाळा आहे आणि तुम्ही गुराख्यांच्या हंगामी वस्तीत, म्हणजे शीलिंगमध्ये, शिरला आहात.

फांद्यांचा सांगाडा, त्यावर गवतासकट कापलेल्या मातीच्या ढपल्या. मातीच्या ओट्यावर हेदरच्या झुडपांचं अंथरूण, वर घोंगड्या. कडेला दुधाची भांडी. डोकं सांभाळा: विणलेल्या फळ्या टांगल्यात आणि त्यांवर उन्हाळाभराचं चीज ठेवलंय. पलीकडच्या झोपडीत तान्हं बाळ झोपलंय, कुत्रा त्याची राखण करतोय.

बाहेर या. पुरुष झोपड्यांची डागडुजी करून खाली परतलेत. गुरं उभ्या पिकात शिरू नयेत, गावाजवळचं गवतही वाचावं, म्हणून ती वर आणलीत. धारा काढणं, लोणी घुसळणं, चीज करणं हे सारं मुख्यतः बायका-मुलींच्या हातात. हिवाळ्याची बेगमी इथंच होते.

किनाऱ्यावर वेल्श निसर्गअभ्यासक टॉमस पेनंट उतरलाय. आत्ता पाहिलंत ते सगळं तो टिपून घेतो. त्याचा चित्रकार मोझेस ग्रिफिथ या झोपड्या रेखाटतो. बायकांची नावं मात्र कुणी विचारत नाही. याची मला फार चुटपुट लागते.

आता आजच्या काळात या. डोंगराळ स्कॉटलंडमध्ये जमीनदारांनी मेंढ्यांसाठी माळ मोकळे केले, तशी ही रीत बहुतेक ठिकाणी मोडली. लुइस बेटावर ती विसाव्या शतकातही टिकून होती. अशा जुन्या जागा लांबूनच ओळखू येतात. तपकिरी माळावर मध्येच हिरवंगार गवत दिसतं, कारण तिथं पिढ्यान् पिढ्या शेण पडलंय. पायाखालचा उंचवटा म्हणजे ढासळलेल्या झोपडीवर पुन्हा बांधलेली झोपडी, तिच्यावर आणखी एक.

खणलं की बऱ्याचदा चुलीची राख आणि चार खापऱ्या, एवढंच हाती लागतं. पण म्हणून ती जागा दरिद्री ठरवू नका. हंगाम संपला की घोंगड्या, भांडी, लोणी, चीज सगळं खाली नेलं जाई. मागे टाकण्याजोगं काही नसेच. म्हणून पुरातत्त्वज्ञ मातीचेही नमुने घेतात. शेणामुताचं फॉस्फेट मातीत शतकानुशतकं टिकतं. ते कुठं दाटलंय हे पाहिलं, की गुरं कुठं बांधत असतील याचा अंदाज येतो.