शाळेआधीची शाळा: आपल्या आज्या-पणज्या घरी कशा शिकल्या



शहरात काही आईबाप मुलांना शाळेत न घालता घरीच शिकवतात. त्याला होमस्कूलिंग म्हणतात. मोबाईलवर त्याचे व्हिडिओ आपल्यातल्या बऱ्याच जणींनी बघितलेत आणि बैठकीत हा विषय निघाला की तीन प्रश्न येतात. एकीचा प्रश्न, हे आपल्याला जमेल का? दुसरीचा, मी सातवी पास, मी काय डोंबल शिकवणार? तिसरीचा प्रश्न जरा हळू आवाजात येतो. ती सांगते, घरातले म्हणतात पोरगी मोठी झाली, शाळा लांब आहे, आता घरीच शिकू दे.

घरी शिकणं आपल्याकडे नवीन नाही. महाराष्ट्रातल्या पहिल्या शिकलेल्या बायकांपैकी कितीतरी जणी घरीच शिकल्या, कारण त्यांच्यासाठी शाळाच नव्हती. त्यांना त्यातून काय मिळालं आणि काय मिळालं नाही, हे आज बघू. तिन्ही प्रश्नांची उत्तरं त्यातच आहेत.

पहिलं नाव अर्थातच सावित्रीबाईंचं. ३ जानेवारी १८३१ ला नायगावात जन्म, १८४० मध्ये लग्न. सासरी आल्या तेव्हा अक्षरओळख नव्हती. जोतिरावांनी त्यांना घरीच शिकवलं. शेतातल्या कामाच्या जोडीनं धडे व्हायचे असं सांगतात. जोतिरावांना आईच्या मायेनं वाढवणाऱ्या सगुणाबाई क्षीरसागर याही त्यांच्यासोबत शिकल्या. घरात पाटी धरलेल्या या सूनबाईंनी पुढे शिकवायचं कसं, याचं रीतसर शिक्षण घेतलं आणि १८४८ मध्ये पुण्याच्या बुधवार पेठेत, भिडे वाड्यात मुलींची शाळा सुरू झाली, तिथे त्या शिकवायला उभ्या राहिल्या. पुढच्याच वर्षी सासऱ्यांनी दोघांना घराबाहेर काढलं, तरी शाळा चालूच राहिली. आपल्यापुरतं शिकून त्या घरात बसल्या नाहीत. घरी मिळालेलं त्यांनी दुसऱ्यांच्या लेकींसाठी बाहेर नेलं.

दुसरी गोष्ट एका आईची आहे. तिचं नाव लक्ष्मीबाई डोंगरे. तिचे पती अनंतशास्त्री मोठे विद्वान. पेशव्यांच्या वाड्यात राणीसाहेब संस्कृत शिकतात, हे त्यांनी पुण्यात शिकताना पाहिलं होतं. आपल्या बायकोलाही शिकवायचं त्यांनी मनात घेतलं. घरच्यांनी आणि गावानं विरोध केला. तेव्हा ते बायकोला घेऊन कर्नाटकातल्या गंगामूळच्या जंगलात जाऊन राहिले आणि तिथे तिला शिकवलं. त्याच जंगलात १८५८ मध्ये त्यांच्या मुलीचा जन्म झाला. तीच पुढे पंडिता रमाबाई.

रमाबाईंना शिकवलं ते मुख्यतः आईनं. लक्ष्मीबाईंचा दिवस कसा असेल बघा. स्वयंपाक, गुरंढोरं, लेकरं, शिवाय आश्रमात शिकायला आलेले विद्यार्थी. दिवसा फुरसत कुठली? मग ती पहाटे, उजाडायच्या आत, झोपेतल्या लेकीला लाडीगोडीनं उठवायची आणि धडा म्हणून घ्यायची. हातात पुस्तक नसायचं. आईनं म्हणायचं, लेकीनं मागून म्हणायचं. अशा रीतीनं रमाबाईंना भागवत मुखोद्गत झालं. १८७८ मध्ये कलकत्त्याच्या विद्वानांनी त्यांना 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या दिल्या. पुढे १८८७ मध्ये त्यांचं इंग्रजी पुस्तक अमेरिकेत छापलं गेलं, ते त्यांनी आईलाच अर्पण केलं.

पण या गोष्टीची दुसरी बाजूही रमाबाईंनीच लिहून ठेवली आहे. १८७०च्या दशकात दुष्काळ पडला. जवळचं सगळं संपलं आणि उपासमारीत आधी वडील गेले, मग आई, मग मोठी बहीण. घरात विद्या होती, पण पोट भरता येईल असं व्यवहाराचं शिक्षण कुणालाच मिळालेलं नव्हतं, असं रमाबाई सांगतात. घरचं शिक्षण कितीही चांगलं असलं तरी आईबापांना जे येतं तेवढंच त्यात उतरतं. म्हणूनच असेल, पुढे त्यांनी १८८९ मध्ये शारदा सदन काढलं आणि नंतर केडगावला मुक्ती सदन उभं केलं, तिथे अक्षरांबरोबर हाताला कामही शिकवलं.

तिसऱ्या रमाबाई रानडे. १८७३ मध्ये अकराव्या वर्षी लग्न होऊन आल्या. पती महादेव गोविंद रानडे न्यायाधीश होते, त्यांनी घरीच बायकोला शिकवायला घेतलं. रात्री कामं आवरली की अभ्यास. पुढे शिकवायला घरी बाईही येऊ लागल्या. त्रास झाला तो घरातल्याच बायकांचा. टोमणे, अबोला, चारचौघींत केलेली टिंगल, सगळं त्यांनी 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' या १९१० सालच्या पुस्तकात सांगितलंय. त्या बायका काही दुष्ट नव्हत्या. बाई शिकली तर घरावर संकट येतं, असंच त्यांना लहानपणापासून सांगितलं गेलं होतं. याच रमाबाईंनी १९०९ मध्ये पुण्यात सेवासदन काढलं. लहानपणी शाळा न मिळालेल्या मोठ्या बायकांना तिथे शिकता येऊ लागलं.

आणि आनंदीबाई जोशी. १८८६ मध्ये अमेरिकेतून डॉक्टर झाल्या, हे आपण सगळ्या अभिमानानं सांगतो. त्यांनाही नवऱ्यानं, गोपाळरावांनी, घरी शिकवलं. पण अभ्यासावरून त्यांना मार खावा लागला होता. लाकूड, खुर्ची, पुस्तक, जे हाताला येईल ते अंगावर आलं होतं. मोठेपणी नवऱ्याला लिहिलेल्या पत्रात त्यांनी त्याची आठवण करून दिली. त्या हे सोसून शिकल्या म्हणून मारणं बरोबर ठरत नाही. शाळेत चार डोळे बघत असतात. घराच्या दाराआड काय चाललंय ते कुणाला दिसत नाही.

या चौघींकडे एकत्र बघा. प्रत्येकीचं शिक्षण घरातल्या कुणा एकाच्या मर्जीवर उभं होतं. जोतिराव नसते तर? अनंतशास्त्री जंगलात जायला तयार झाले नसते तर? त्याच काळात हजारो घरांत असा कुणी नव्हता. त्या घरांतल्या बायका किती हुशार होत्या, हे कधी कुणाला कळलंच नाही. जोतिरावांनी हे नेमकं ओळखलं होतं. १८८२ मध्ये हंटर कमिशनपुढे त्यांनी मागणी केली, की मुलांना निदान बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा. बायकोला घरी शिकवणारा माणूसच सगळ्यांसाठी शाळा मागत होता. ही मागणी कायद्यात उतरायला फार वर्षं लागली. शिक्षण हक्काचा कायदा २००९ मध्ये झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. ६ ते १४ वर्षांच्या प्रत्येक मुलामुलीला मोफत आणि सक्तीचं शिक्षण, असं तो सांगतो.

म्हणजे आता घराचं काम संपलं का? नाही. इथे आणखी दोघींची नावं घ्यायला हवीत, ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ. १९४५ मध्ये ठाणे जिल्ह्यात, आता पालघरमध्ये असलेल्या बोर्डीला त्यांनी लहान मुलांसाठी काम सुरू केलं. १९५७ पासून हे काम कोसबाडच्या टेकडीवर, वारली वस्तीत गेलं. पोरं शाळेकडे येईनात, तेव्हा या बायाच पोरांच्या अंगणात गेल्या. तीच अंगणवाडी. गुरं राखणाऱ्या पोरांसाठी कुरणातच शाळा भरवली, ती कुरणशाळा. महागडी खेळणी नव्हती. शिंपले, बिया, पानं, काड्या, खडे यांवरच मोजणं, जुळवणं, रंग ओळखणं चालायचं. अनुताई स्वतः बालविधवा, पुढे शिकून शिक्षिका झालेल्या. १९७५ मध्ये सरकारची बालविकास योजना आली तेव्हा तिच्या केंद्रांना अंगणवाडी हेच नाव मिळालं. आज आपली सेविकाताई जिथे बसते, त्याचं मूळ अशा अंगणांत आहे.

तेव्हा पहिल्या प्रश्नाचं उत्तर, हो, जमेल. पण शाळा सोडवून नाही, शाळेच्या जोडीला. सुरुवात अशी करता येईल.

रोजची अर्ध्या तासाची वेळ ठरवा. लक्ष्मीबाईंनी पहाट निवडली, तुम्ही दिवेलागण निवडा. वेळ मात्र मोडू नका.

वाचता येत नसेल तरी चालेल. भाकरी थापताना लेकराला मोठ्यानं वाचायला सांगा आणि विचारा, पुढं काय झालं? तुला काय वाटतं? ऐकणारं माणूस मिळालं की पोर वाचतं. ओव्या, उखाणे, कोडी, आजीच्या गोष्टी यांतून शब्द वाढतात, त्याला पैसे लागत नाहीत.

गणितासाठी गटाची वही काढा. वीस जणींची शंभर रुपये बचत, महिन्याचे किती? पाच हजार कर्ज, शेकडा एक रुपया व्याज, तर महिन्याचं व्याज पन्नास कसं आलं? रमाबाईंच्या घरी जे व्यवहाराचं शिक्षण नव्हतं, ते आपल्या वहीत आहे.

लहानग्यांना तूर, हुलगा, चवळी एकत्र करून निवडायला द्या, मोजायला द्या. आणि हात उगारू नका. चुकलं तर उद्या परत.

मी काय शिकवणार, या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तरही यातच आलं.

आता तिसरा प्रश्न. मुलीला "घरीच शिकू दे" असं कुणी म्हणालं, तर विचारा, कोण शिकवणार, किती वाजता, आणि परीक्षा कुठली देणार? याचं उत्तर नसेल तर ते शिक्षण नाही, ती घरकामाची आणि लग्नाची तयारी आहे. शाळा सुटलेली असेल तर कायद्यानं वयाप्रमाणे वर्गात प्रवेश मिळतो, वर्षाच्या मध्येही मिळतो. दाखला नाही म्हणून प्रवेश अडवता येत नाही. शाळा लांब असेल तर मुलींच्या मोफत एसटी पासची चौकशी आगारात करा. वय उलटून गेलं असेल तर सतरा नंबरचा फॉर्म भरून दहावीला बाहेरून बसता येतं, राष्ट्रीय मुक्त विद्यालयातूनही दहावी देता येते. त्या मुलीला मात्र घरचा अर्धा तास पुरायचा नाही. तिला रोजचे दोन-तीन तास मोकळे मिळायला हवेत. ते तिच्या आईला आणि आजीला ठरवावे लागतील.

गावच्या शाळा व्यवस्थापन समितीत निम्म्या जागा बायकांच्या आहेत. पुढच्या बैठकीत एवढंच करू या. आपल्या वाडीतल्या कुठल्या मुलीची शाळा सुटली आहे, त्यांची नावं वहीत लिहू, आणि प्रत्येक नावापुढे तिच्या घरी कोण जाणार हेही लिहू.