एक औषध कां पुरलें नाहीं?

क्षयावरील औषधांचा इतिहास विजयापेक्षां आशाभंगापासून सांगणें अधिक बोधप्रद आहे. १९४३ सालीं अमेरिकेंत वॅक्समन यांच्या प्रयोगशाळेंत अल्बर्ट शॅट्झ यांनीं स्ट्रेप्टोमायसीन शोधून काढलें. १९४८ मध्यें ब्रिटनमधील चांचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. नुसत्या विश्रांतीवर ठेवलेल्या ५२ रोग्यांपैकीं सहा महिन्यांत १४ दगावले. औषध दिलेल्या ५५ पैकीं अवघे ४. परंतु पांच वर्षांनीं पाहतां पहिल्या गटांतील ३५ व दुसऱ्यांतील ३२ रोगी मृत्युमुखीं पडलेले आढळले!

असें कां व्हावें? सुमारें दहा लाख जंतूंत एखादा मूळचाच त्या औषधास दाद न देणारा असतो. इतर मेले कीं त्याचीच प्रजा माजते. दोन औषधें एकदम दिल्यास मात्र दोहोंनाहि पुरून उरणारा जंतु लाख कोटींत एखादाच. म्हणून स्ट्रेप्टोमायसीनला 'पास' या औषधाची जोड मिळाली. १९५२ मध्यें आयसोनियाझिड आलें.

१९५६ पासून मद्रास येथें कांहीं रोग्यांना आरोग्यधामांत, तर कांहींना त्यांच्या दाटीच्या घरींच ठेवून हीं जोड औषधें देण्यांत आलीं. घरचे रोगीहि जवळजवळ तितकेच बरे झाले, असें १९५९ मध्यें जाहीर झालें. खाटेपेक्षां औषधाचें सातत्य मोलाचें ठरलें.

गोंदिया जिल्ह्यास या निष्कर्षाचें महत्त्व विशेष. देवरी-सालेकसाकडील जंगलपट्टींतील मजुरानें धानाची रोवणी सोडून वर्षभर आरोग्यधामांत कसें राहावें? २०१७ मध्यें एकाच गोळींत अनेक औषधें घालून ती रोज देण्याची पद्धत सरकारी क्षयकार्यक्रमांत आली. आरंभींच्या पांच राज्यांत महाराष्ट्र होता. साध्या क्षयांत दोन महिने चार औषधें व पुढें चार महिने तीन, वजनाप्रमाणें, विनामूल्य मिळतात. गोळी एकच असल्यानें एक औषध घेऊन दुसरें टाळण्यास वावच उरत नाहीं.

तरीहि एक धोका उरतोच. कांहीं आठवड्यांत खोकला थांबतो, अंगांत बळ येतें, रोवणी तोंडावर असते. आणि गोळी सुटते. अर्धवट मारलेले जंतु पुन्हां डोकें वर काढतात, आणि त्यांतून औषधांना न जुमानणारा क्षय उद्भवूं शकतो. मग तो रोग्याच्या घरच्यांनाहि लागूं शकतो. यास्तव ज्याच्या हाताखालीं असा मनुष्य कामास आहे, त्या गिरणीमालकानें वा घरधन्यानें 'बरें वाटतें का?' एवढेंच विचारून थांबूं नये; 'सहा महिने पुरे झाले का?' हेंहि विचारावें, आणि औषध आणावयास जाण्याच्या दिवसाची मजुरी कापूं नये.