लस कुणाच्या दंडावरून आली?

लसीकरणाचा इतिहास आपण नेहमी जेन्नरपासून सांगतो. १७९६, इंग्लंड, गवळणीच्या हातावरचा फोड, माळ्याचा आठ वर्षांचा मुलगा. ते सगळं ठीकच. पण आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलेल्या माणसाला वेगळा प्रश्न पडतो. वीज नाही, बर्फाची पेटी नाही, अशा काळात ही लस गावोगाव, देशोदेशी गेली कशी?

मुलांच्या दंडावरून. एका मुलाला टोचायचं, आठव्या दिवशी त्याचा फोड भरला की त्यातला द्रव काढून पुढच्या मुलाला टोचायचा. ‘लस’ हा आपला शब्दच मुळी असा पाझरणारा द्रव सांगतो. साखळी तुटली, की लस संपली.

इंग्लंडहून जहाजानं मुंबईला पाठवलेली लस वाटेतल्या उष्णतेनं निकामी व्हायची. मग व्हिएन्नाच्या डॉ. द कारो यांनी दुसरी वाट धरली. बगदादला पोचलेली लस तिथल्या मुलांना टोचून ताजी केली, मग बसऱ्याला पुन्हा तेच, आणि तिथून जहाजानं मुंबई. मुंबईत अनेकांना टोचलं, पण लस लागली एकाच मुलीला. तिचं नाव ॲना डस्टहॉल, वय तीन वर्षं, तारीख १४ जून १८०२. तिच्या दंडातून आणखी पाच मुलांना टोचलं आणि तिथून ती देशभर पसरली. टोचणारे डॉक्टर हेलेनस स्कॉट. ॲनाचं नाव तरी कागदावर राहिलं. त्या पाचांचं मला कुठे सापडत नाही. बगदाद-बसऱ्याच्या मुलांचं तर सोडूनच द्या.

हे फक्त आपल्याकडेच झालं असं समजू नका. १८०३ साली स्पेनच्या राजानं अमेरिका खंडात लस पाठवली, तेव्हा जहाजावर बावीस अनाथ मुलं चढवली होती. समुद्रावर दर आठ-दहा दिवसांनी दोघांना टोचायचं. अनाथच का? नकार द्यायला आई-बाप नव्हते म्हणून, दुसरं काय!

आता आपल्याकडे वळू. आपल्या पाठ्यपुस्तकांत एक ठरलेलं वाक्य असतं, की लोक अंधश्रद्धाळू होते म्हणून त्यांनी लस नाकारली. देवी म्हणजे देवीचा कोप, शीतलामाईला रागवायचं नाही, हे होतंच. लस टोचण्यालाही आपण ‘देवी काढणं’च म्हटलं, म्हणजे देवीला हाकलताना तिचं नावही सोडलं नाही. पण सरकारी टोचणाऱ्यांच्या अहवालांत दुसरीही तक्रार वारंवार दिसते. आई मूल टोचून घ्यायला आणायची, पण आठव्या दिवशी फोड फोडून द्रव काढू द्यायला परत आणायची नाही. मग पैसे देऊन गरिबांची, खालच्या मानलेल्या जातींची मुलं मिळवायची. त्यातून परक्या जातीचा द्रव आपल्या मुलाच्या अंगात जाणार म्हणून दुसऱ्याच घरी भांडण. एकाच्या अंगातून दुसऱ्याच्या अंगात उपदंशासारखा रोग जाण्याची भीती तर डॉक्टरांनाही होती.

माझं मत असं, की त्या आईच्या नकाराला अंधश्रद्धा म्हणणं हा आळस आहे. माझ्या मुलाला वाचवा, पण त्याला तुमची बाटली करू नका, एवढंच ती म्हणत होती. कांटचा अख्खा नीतिविचार ती न वाचता सांगत होती म्हणा ना.

यातून सुटका वासरानं केली. वासराच्या कातडीवर लस वाढवता येऊ लागली आणि मुलाच्या दंडाची गरज संपली. मुंबईत या कामात डॉ. अनंत चंद्रोबा पुढे होते. ग्रँट मेडिकल कॉलेजच्या पहिल्या तुकडीतले पदवीधर. जातीचा प्रश्न सुटला, पण गायीचा उभा राहिला! तरी काम पुढे गेलं. मे १९७५ मध्ये भारतात देवीचा शेवटचा रुग्ण सापडला, आणि १९८० साली जग देवीमुक्त जाहीर झालं. आपल्या जालन्यातल्या पन्नाशीपुढच्या कितीतरी जणांच्या हातावर ते वण अजून आहेत. चहाच्या वेळी एकमेकांचे बघा.

मुलाच्या अंगावरचा प्रयोग मात्र संपलेला नाही, संपूही शकत नाही. मुलांच्या रोगाची लस शेवटी मुलांवरच तपासावी लागते. जुलाबाच्या रोटाव्हायरसवरची देशी लस घ्या. २०११ पासून दिल्ली, वेल्लोर आणि पुण्याजवळचं वढू इथे ६,७९९ बाळांवर तिची चाचणी झाली. दोन तृतीयांशांना लस, एक तृतीयांशांना लसीविना थेंब. कुणाला काय मिळालं हे आईलाही ठाऊक नाही, डॉक्टरलाही नाही. परदेशी लसी उपलब्ध असताना काही बाळांना रिकामे थेंब का, असा आक्षेप आला. त्या लसी आपल्या सरकारी कार्यक्रमात नव्हत्याच, असं उत्तर आलं. दोन्ही बाजूंत दम आहे. निष्कर्ष २०१४ साली प्रसिद्ध झाला. रोटाव्हायरसमुळे होणाऱ्या तीव्र जुलाबाचं प्रमाण निम्म्याहून जास्त घटलं.

१८०२ शी तुलना करताना एक फरक नजरेत ठेवा. इथे आई-बापाला आधी समजावून सांगितलं, सही घेतली, नाही म्हणायची मुभा ठेवली. आज आपल्या आरोग्य केंद्रात सहाव्या, दहाव्या, चौदाव्या आठवड्याला रोटाव्हायरसचे थेंब मिळतात, ते अशा चाचण्यांतून आलेले. वढूची ती बाळं आता शाळेत वरच्या वर्गात असतील. अहवालात त्यांची नावं नाहीत, आणि या वेळी ती मुद्दामच वगळलेली आहेत.