वर्षातून तीनदा घर बदलणारं गाव : इराणचं मेयमंद

आपल्याकडे डोंगर कोरून लेणी झाली, मंदिरं झाली. इराणमध्ये मात्र एक अख्खं गावच डोंगरात कोरलेलं आहे आणि तिथे आजही माणसं राहतात. केरमान प्रांतात शहर-ए-बाबक या शहराजवळ असलेल्या या गावाचं नाव आहे मेयमंद. वर्षभर राहणारी वस्ती म्हणाल तर जेमतेम शे-दीडशे माणसांची.

इथला दगड मऊ असल्यामुळे तो कोरता येतो. या कोरीव घराला स्थानिक लोक 'किचे' म्हणतात. अशी सुमारे ४०० किचे मोजली गेली आहेत, त्यातली १२३ आजही शाबूत आहेत. एका घरात एकापासून सात खोल्यांपर्यंत जागा, आणि काही ठिकाणी ही घरं पाच थरांत एकावर एक. मशीद आणि हमामसुद्धा खडकातच! आत चूल पेटवायची पद्धत असल्यामुळे भिंती काजळीने काळ्याकुट्ट झाल्या आहेत. बाहेर कडाक्याची थंडी असली तरी आत ऊब टिकते.

गाव नेमकं किती जुनं? दोन हजार वर्षांपासून बारा हजार वर्षांपर्यंत काहीही आकडे सांगितले जातात. त्यातले मोठे आकडे जाहिरातीसाठीच जास्त वापरले जातात, त्यामुळे ते जपूनच घ्यावेत.

खरी गंमत वेगळीच आहे. फोटोत दिसणारी ही गुहा म्हणजे मेयमंदकरांचं फक्त हिवाळ्यातलं घर.

हिवाळा सरत आला की शेळ्या-मेंढ्या घेऊन लोक कुरणांवर जातात. तिथल्या मुक्कामाला म्हणतात 'सर-ए-आगोल'. वाऱ्यापासून बचाव व्हावा म्हणून ही घरं अर्धी जमिनीखाली असतात. रचलेल्या दगडांच्या बुटक्या भिंती आणि वर फांद्यांचं छप्पर. दूधदुभत्यासाठी 'मश्कदान' नावाची वेगळी जागा असते. मश्क म्हणजे कातडी पिशवी, आपली मसक. पुढे उन्हाळा ते शरदाची सुरुवात हा काळ 'सर-ए-बाग'मध्ये, म्हणजे हंगामी ओढ्यांजवळच्या बागांत जातो. (हो, ही 'बाग' आपल्या मराठीतलीच. शब्द फारसीतून आपल्याकडे आला.) थंडी पडली की पुन्हा डोंगरात.

हा प्रदेश कोरडा आहे. ओढे, झरे आणि जमिनीखालून पाणी आणणारे कनात यांतून मिळेल तो थेंब जनावरं, बागा आणि भाजीपाल्याच्या तुकड्यांत वाटून वापरायचा. एकाच जागी वर्षभर कळप पोसणं शक्य नाही, म्हणून ही तीन घरं.

२००५ मध्ये गावाला सांस्कृतिक परिसराच्या जतनासाठीचा मेलिना मर्कुरी पुरस्कार मिळाला. २०१५ मध्ये युनेस्कोने जागतिक वारशाच्या यादीत घेतलं, तेसुद्धा केवळ गुहा म्हणून नव्हे, तर कुरणं, बागा आणि फिरतं जगणं यांसकट 'सांस्कृतिक भूदृश्य' म्हणून.

अडचण इथेच आहे. गुहांची डागडुजी सरकारी पैशांतून होऊ शकते, कळपामागे जाणारी माणसं कुठून आणायची? तरुण शिक्षणासाठी, नोकरीसाठी शहरांत गेले, मागे राहिले ते बहुतांश म्हातारे. काही किचे आता पाहुण्यांच्या मुक्कामाची सोय झाली आहेत. त्यातून पैसा येतो हे खरं, पण इराणमध्ये फिरायला जाण्याचा मोठा हंगाम म्हणजे मार्चअखेरचा नवरोज. म्हणजे नेमके ते दिवस, जेव्हा जुन्या रीतीप्रमाणे गावकऱ्यांनी गुहा सोडून कुरणांवर असायला हवं.