हापूसच्या वासाचा पत्ता

राष्ट्रीय महामार्ग ६६ पनवेलला सुरू होतो. कोकणातल्या हापूसच्या कितीतरी पेट्या याच वाटेने मुंबईकडे येतात. पेटीवर 'देवगड' छापलेले असते, आत काय आहे ते मात्र नाकानेच ठरवायचे.

नाकाच्या या कामात यंत्र शिरले १९५२ साली. जेम्स आणि मार्टिन यांनी वायू-वर्णलेखन मांडले: नमुन्याची वाफ लांब नळीतून वाहते, घटक एकेक करून निराळ्या वेळी बाहेर पडतात. पुढे गोल्के व मॅकलॅफर्टी यांनी नळीच्या टोकाला वस्तुमान वर्णपटमापक जोडला. तो रेणू फोडतो आणि तुकड्यांच्या वस्तुमानांवरून रेणूची ओळख पटवतो. सजीवात घडणाऱ्या रेणूंची अशी मोजदाद म्हणजे मेटाबोलोमिक्स.

पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत विद्या गुप्ता, अशोक गिरी व सहकाऱ्यांनी हापूसचा गंध याच यंत्राने तपासला. कैरीत टर्पिनांचे राज्य. लॅक्टोन आणि फ्युरॅनोन अवतरतात ते फळ पिकताना. अढीतला घमघमाट, थोडक्यात, झाडावर नव्हताच! पुढे दापोली, देवगड, वेंगुर्ला येथल्या हापूसच्या गंधातही फरक आढळला.

२०१८ साली हापूसला भौगोलिक मानांकन मिळाले. त्यातल्या पाच जिल्ह्यांत रायगड आहे, म्हणजे पनवेलही आले. ही रेषा जिल्ह्यांच्या हद्दीवरून आखलेली आहे. गंधाची रेषा त्याच वाटेने जाते असे नाही. पेटीसोबत यंत्राचा आलेख येत नाही, त्यामुळे गिऱ्हाईक अजून देठाशीच नाक नेते.