स्वतंत्र मजूर पक्ष आणि कुलाब्याचे कूळ

अल्पायुषी राजकीय पक्षांविषयी इतिहासकार बहुधा उदासीन असतात. निवडणुकीत मिळालेल्या जागा आणि विसर्जनाचे वर्ष एवढी नोंद झाली, की त्यांचे प्रकरण संपते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १५ ऑगस्ट १९३६ रोजी स्थापिलेला स्वतंत्र मजूर पक्ष जेमतेम सहा वर्षे टिकला. त्याच्या नावातील ‘मजूर’ हा शब्द कुलाबा जिल्ह्याच्या (१९८१ पासूनच्या रायगड जिल्ह्याच्या) किनारपट्टीवर कोणास लागू पडत होता, या एकाच प्रश्नाचा विचार प्रस्तुत निबंधात करावयाचा आहे.

‘मजूर’ हा शब्द फारसीतून मराठीत आला. मोबदला घेऊन श्रम करणारा, हा त्याचा मूळ अर्थ. पक्षाच्या नावात अस्पृश्यवर्गाचा निर्देश न करता हा शब्द योजण्यामागे निश्चित विचार होता. श्रमजीवी म्हटले म्हणजे त्यात अस्पृश्य येतातच, ही भूमिका पक्षाच्या जाहीरनाम्यातच मांडलेली होती. मुंबईच्या गिरणगावात हा अर्थ सहज पटण्यासारखा होता. अलिबाग-पेणच्या खारेपाटात मात्र तो तितका सरळ नव्हता.

तेथे जमीन कसणारा स्वतःस मजूर म्हणवीत नसे. तो कूळ होता. वंशवाचक ‘कूळ’ शब्दालाच महसुली व्यवहारात दुसऱ्याची जमीन कसणारा, देणेकरी, असा अर्थ प्राप्त झाला होता. खोताला भाताच्या रूपाने खंड द्यावयाचा आणि शिवाय त्याच्या घरी वेठ करावयाची, अशी त्याची स्थिती होती. वेठ म्हणजे बिनमोबदल्याचे श्रम. शब्दार्थ काटेकोरपणे घेतला, तर वेठीस धरलेला मनुष्य मजूरही ठरत नाही. कारण मजुरास निदान मजुरी मिळते. खोती हा केवळ सारावसुलीचा प्रश्न नव्हता, हे यावरून स्पष्ट होईल.

पक्ष स्थापन होण्यापूर्वीच या भागात कुळांचा लढा सुरू झाला होता. २७ ऑक्टोबर १९३३ रोजी अलिबाग तालुक्यातील चरी येथे, नारायण नागू पाटील यांच्या पुढाकाराने, खोत-सावकारांच्या जमिनी न कसण्याचा निर्णय झाला. संप ही गिरणी कामगारांची संज्ञा येथे भातशेतीस लागू झाली. शेते ओसाड पडली. कुळांनी लाकडाच्या मोळ्या विकून दिवस काढले. तरी संप सुमारे सहा वर्षे चालला. १९३४ साली डॉ. आंबेडकर स्वतः चरीच्या शेतकरी परिषदेस आले होते. संपकऱ्यांत आगरी समाज बहुसंख्य होता, ही गोष्ट येथे लक्षात ठेवली पाहिजे. जातीची सीमा ओलांडणाऱ्या पक्षाची भूमी अशी आधीच तयार होत होती.

१९३७ च्या निवडणुकीत पक्षाने १७ उमेदवार उभे केले व १४ निवडून आणले. अनंतराव चित्रे, सुरेंद्रनाथ टिपणीस, शामराव परुळेकर यांसारखे अस्पृश्येतर कार्यकर्ते पक्षात अग्रभागी होते. १७ सप्टेंबर १९३७ रोजी डॉ. आंबेडकरांनी मुंबई विधानसभेत खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. १० जानेवारी १९३८ रोजी हजारो शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत विधिमंडळावर गेला. त्याच वर्षी ७ नोव्हेंबरला औद्योगिक कलह विधेयकाविरुद्ध कामगारांचा एक दिवसाचा संप झाला, तोही या पक्षाच्या सहभागाने. कूळ आणि गिरणी कामगार एकाच वर्षात एकाच नावाखाली उभे राहिले. कोकणात ही जोड कृत्रिम नव्हती. गावी एक भाऊ कूळ आणि मुंबईस दुसरा गिरणीत, अशी अनेक घरे होती.

तथापि शब्दाची ही व्याप्ती मतपेटीत पुरती उतरली नाही. निवडून आलेल्या १४ जणांपैकी ११ राखीव जागांवरचे होते. खोतीविषयक विधेयकाचा कायदा झाला नाही. पुढे १९४२ मध्ये क्रिप्स योजनेच्या वेळी सत्तांतराची बोलणी जमातींच्या प्रतिनिधींशी होणार, हे उघड झाले. वर्गाच्या नावाने उभ्या असलेल्या पक्षाला त्या बैठकीत आसन नव्हते. त्याच जुलैत नागपूर येथे अखिल भारतीय शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन स्थापन झाले, आणि ‘मजूर’ शब्दाची जागा जातिसमूहाच्या कायदेशीर संज्ञेने घेतली. हा बदल विचारांतील माघार म्हणून पाहणे अन्यायाचे होईल. नाव कोणते घ्यावे, हे बोलणारा एकटा ठरवीत नाही. ऐकणारी सत्ता कोणते नाव ओळखते, यावरही ते अवलंबून असते.

पक्ष संपला, प्रश्न संपला नाही. १९३९ च्या कूळकायद्यात ‘संरक्षित कूळ’ ही संज्ञा आली, खोती नष्ट करणारा कायदा १९४९ साली झाला, आणि १ एप्रिल १९५७ या कृषक दिनापासून कुळास कसत असलेल्या जमिनीचा मालक होण्याचा कायदेशीर मार्ग खुला झाला. या सर्वांचे श्रेय एका पक्षास देता येणार नाही. चरीच्या कुळांचा वाटा त्यात मोठा आहे. परंतु वेठीस जुंपलेल्या माणसाच्या श्रमास मोल आहे, हे पक्षाच्या नावातच सांगणारा पहिला आवाज या किनाऱ्यास त्या सहा वर्षांत लाभला. जागांच्या कोष्टकात ही गोष्ट दिसत नाही. म्हणूनच ती स्वतंत्रपणे नोंदविणे आवश्यक वाटते.